फिरत्या मिस्त्रीचा परवाना

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. गेल्या वर्षी मी त्यात 'मेकॅनिक' असे लिहिले, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी सहज विचारले, "गॅरेज कुठं आहे?"

"गॅरेज नाही."

"मग कुणाकडे नोकरीला आहेत का?"

"नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मागे रांग खोळंबली होती. मी घाईघाईने म्हणाले, "ते फिरतात." बाई हसल्या आणि त्यांनी अर्ज पुढे सरकवला. मला मात्र ते उत्तर दिवसभर बोचत राहिले. वासुदेव फिरतो, कल्हईवाला फिरतो, फिरता दवाखानाही असतो. पण माझे वडील फिरतात म्हणजे नेमके काय करतात, हे एका रकान्यात मावेल अशा शब्दांत मला सांगता आले नव्हते. या लेखाचे निमित्त तेवढेच.

आमच्या भागात अण्णांना 'फिरता मिस्त्री' म्हणतात. त्यांचे गॅरेज म्हणजे एक जुनी मोटारसायकल आणि तिच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या कॅनव्हासच्या पिशव्या. डाव्या पिशवीत सगळे पाने: फिक्स, रिंग, बॉक्स. उजवीत पक्कड, हातोडी, छन्नी, तारेचे भेंडोळे, तांब्याचे वायसर, दोन फॅनबेल्ट आणि चिंध्या. जॅक मात्र ते बाळगत नाहीत. 'ज्याची गाडी त्याचा जॅक' हा त्यांचा नियम आहे, आणि ज्याच्या गाडीत जॅक नाही त्याला ते आधी त्याबद्दल चार शब्द सुनावतात, मग दगडांची चवड रचून काम करतात.

आमचा हा कृष्णाकाठचा ऊसपट्टा. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि वाजवीपेक्षा जास्त भरलेले ट्रक रात्रंदिवस धावू लागतात. आणि जे धावते ते मोडते. कधी पाटा तुटतो, कधी हबचे बेअरिंग जाते, कधी ट्रॉलीच्या हुकाची पिनच कापली जाते. तोडलेला ऊस कुणासाठी थांबत नाही. तो वाळतो, त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा पडतो. मग टोळीचा मुकादम, ट्रकचा मालक आणि उसाचा धनी या तिघांचा जीव रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या एकाच गाडीत अडकतो. भरलेली गाडी ओढून शहरातल्या गॅरेजला नेणे परवडत नाही. अशा वेळी रात्री दोन वाजता अण्णांचा फोन वाजतो.

सुट्टीत बॅटरी धरायला मी जाते. सहावीत होते तेव्हापासून. धाकटा भाऊ झोपेचा पक्का, म्हणून हे काम माझ्याकडे आले. त्यात स्त्री-पुरुष समानतेचा विचार कुणी केला नव्हता. बॅटरी धरणे सोपे वाटते, पण तसे नाही. आपल्याला जिथे बघावेसे वाटते तिथे उजेड न्यायचा नसतो. अण्णांची बोटे जिथे जाणार असतात तिथे तो आधी पोहोचावा लागतो. सुरुवातीला माझा झोत हमखास त्यांच्या डोळ्यांवर जाई. "मला नगं बगू, नटाकडं बग!" असे ते गाडीखालून ओरडत.

एक प्रसंग सांगते. मार्गशीर्षातली थंडी होती आणि भरलेला ट्रक चढावर बंद पडला होता. ड्रायव्हरने सेल्फ मारून मारून गाडीची बॅटरी पार उतरवून ठेवलेली. अण्णांनी पान्याला हात लावण्याआधी त्याला विचारले, "डिझेल पार सपल्यावर भरलंस न्हवं?" तो ओशाळून हो म्हणाला. "मग एअर धरलीया." त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि हातपंप दाबायला सुरुवात केली. आधी नुसती फसफस झाली, मग फेस आला, मग बुडबुडे. मी कंटाळून दुसरीकडे पाहू लागले, तोच ओरडा बसला. बुडबुडे हळूहळू विरळ झाले आणि डिझेलची अखंड धार लागली. धार अखंड झाली तसा त्यांनी स्क्रू आवळला, मागून आलेल्या दुसऱ्या ट्रकच्या बॅटरीला वायर जोडली आणि गाडी सुरू झाली. सगळी मिळून पंचवीस मिनिटे. अण्णांनी तीनशे रुपये घेतले आणि ड्रायव्हरने दिलेला चहा मला पाजला.

अलीकडे मात्र अण्णांचा कान पुरेनासा झाला आहे. २०२० च्या एप्रिलपासून बी.एस. ६ मानकाची वाहने आली. या नव्या ट्रकांच्या इंजिनाला जागोजागी सेन्सर असतात, धुराच्या नळीत युरियाचे पाणी फवारले जाते, आणि काही बिघडले की समोर दिवा लागतो. दिवा का लागला हे कळायला स्कॅनर जोडावा लागतो, आणि स्कॅनर इंग्रजीत बोलतो. अण्णांनी एक जुना स्कॅनर हप्त्याने घेतला आणि मला बढती मिळाली! आता एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात स्कॅनर धरून मी त्यावरची ओळ वाचते, जमेल तसा तिचा अर्थ सांगते, आणि अण्णा "म्हंजी पायपात कचरा हाय" असे त्याचे मराठी करतात. बहुतेक वेळा ते बरोबर निघते. इंग्रजीच्या पेपरात असा उतारा आला, तर मला पैकीच्या पैकी गुण पडतील.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी प्रश्न टाकला, "कोणकोणत्या कामाला राज्यसंस्था परवाना मागते?" कुणी डॉक्टर म्हणाले, कुणी वकील, कुणी औषधाचे दुकान. मी म्हणाले, "मेकॅनिक." सर म्हणाले, "नक्की? बघून या आणि सांगा."

मी ग्रंथालयात गेले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालचे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ असे एक जाडजूड जुने पुस्तक मिळाले. त्याच्या शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत एकही तारीख पडलेली नव्हती. म्हणजे ते नेणारी मी पहिलीच. तीन दिवस शब्दकोश घेऊन बसले. वाहन चालवणाऱ्याला परवाना लागतो. एस.टी.च्या कंडक्टरलाही लागतो. वाहन चालवायला शिकवणाऱ्या शाळेला लागतो. धूर तपासून दाखला देणाऱ्या केंद्राला अधिकारपत्र लागते. मिस्त्री मात्र त्या पुस्तकात जवळजवळ नाहीच! कलम २ मध्ये 'डीलर' या शब्दाची व्याख्या आहे, तीत वाहनांची दुरुस्ती करणाराही धरला आहे. एवढीच त्याची हजेरी. मी घरी येऊन सांगितले, "अण्णा, कायद्यानं तुम्ही डीलर आहात." ते म्हणाले, "मग गाड्या इकायच्याच राह्यल्यात."

दुसऱ्या बाजूनेही शोधले. घरात वायरिंग करणाऱ्या तारतंत्रीला परवाना लागतो. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते, पण तिथे प्रवेशाला दहावी लागते; आणि ते प्रमाणपत्र नसले म्हणून हातात पाना धरायला कुणी मनाई करीत नाही. दुकाने व आस्थापनांचा महाराष्ट्राचा २०१७ चा अधिनियम पाहिला. त्यात तेव्हा दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेल्याने नोंदणी न करता नुसती सूचना द्यायची होती. अण्णांकडे कामाला कोण? मी, आणि तीही सुट्टीत.

म्हणजे तारा जोडणाऱ्याला कागद लागतो आणि ज्याच्या हाताखालून ट्रकचे ब्रेक जातात त्याला लागत नाही. हे बरे की वाईट, याचा मी पुष्कळ विचार केला. खरे सांगायचे तर मला दोन्ही बाजू पटतात. चुकीच्या वायसरवर ब्रेकचा पाइप आवळून गाडी घाटात सोडणारा मिस्त्री मी पाहिला आहे. अण्णांनी ते काम रस्त्यावरच खोलून परत केले आणि त्या ड्रायव्हरला वाटेत हातही जोडायला लावले. अशांना कुणीतरी तपासायला नको का? पण उद्या सरकारने 'दहावी उत्तीर्ण मिस्त्रीच चालेल' असे ठरवले, तर सहावीतून शाळा सोडून उस्तादाच्या हाताखाली टायर ढकलत शिकलेल्या माझ्या वडिलांनी काय करायचे? आणि मी या वर्गात बसून हा विचार तरी कुठून केला असता?

तसे पाहिले तर एक परवाना मिस्त्रीलाही लागतोच. क्लच, गिअर, ब्रेक यांचे काम झाले की गाडी रस्त्यावर नेऊन पाहावी लागते. गाडी रस्त्यावर आली की अधिनियमाचे कलम ३ आले. मग बसणारा मिस्त्री असो की मालक, त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना त्याच्या खिशात पाहिजे. ट्रकसाठी तो माल वाहतुकीचा पाहिजे. थोडक्यात, गाडी दुरुस्त करायला परवाना लागत नाही. ती दुरुस्त झाली का हे बघायला लागतो. ही ओळ मी वहीत लिहिली आणि पुढे काही लिहवेना. कारण मला २०१६ चा जानेवारी आठवला.

मी तेव्हा चौथीत होते. अण्णांनी एका उसाच्या ट्रकची क्लचप्लेट बदलली. ड्रायव्हर जेवायला गेला होता, मालक फोनवर घाई करीत होता. अण्णा स्वतः गाडी घेऊन फर्लांगभर गेले. समोरून दिवा नसलेली मोटारसायकल आली, तिला वाचवताना ट्रक ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला धडकला. माणसे वाचली, ट्रकचे तोंड गेले. ड्रायव्हर बिचारा म्हणत होता, मी चालवत होतो असे सांगतो. पण तोवर अण्णा स्वतःच पोलीस चौकीत जाऊन 'गाडी माज्या हातात हुती' असे सांगून आले होते. विमा कंपनीने विचारले, चालवणाऱ्याचा परवाना दाखवा. अण्णांकडे परवाना होता तो मोटारसायकलचा. भरपाई मिळाली नाही. मालकाने खटला केला नाही, शिवीही दिली नाही. त्याने फक्त हिशेब मांडला. अण्णांनी तो दोन वर्षे फेडला: काही कामात, काही रोख. रोख म्हणजे आईची बोरमाळ. त्या दोन वर्षांत आमच्या घरात त्या मालकाच्या गाड्या फुकट दुरुस्त होत आणि आम्ही दोघे भावंडे एका छत्रीत शाळेला जात असू.

त्याच सुमारास अण्णा परवाना काढायला गेले होते, हे मला फार उशिरा कळले. तिथल्या एका एजंटाने त्यांना सांगितले, माल वाहतुकीचा परवाना पाहिजे तर आठवी पास असल्याचा दाखला आणा. ते खरेच होते. १९८९ च्या नियमांतला आठवा नियम तसाच होता. आठवा नियम आणि आठवी इयत्ता, हा काय योगायोग असेल तो असो. अण्णांची सहावी झालेली. ते घरी आले आणि आईला म्हणाले, "पोरगी चौथीत, आन बाप सातवीत कसा बसायचा?" विषय तिथेच मिटला.

त्यानंतर अण्णा ट्रकच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसले नाहीत. काम झाले की ड्रायव्हरला गाडी चालवायला सांगत आणि स्वतः केबिनच्या पायरीवर उभे राहून, एका हाताने दांडी धरून, कान इंजिनाकडे लावून जात. "आता दुसरा टाक. आता सोड. परत दाब." मी बॅटरी घेऊन मागे उभी असे आणि अंधारात लोंबकळत जाणारी त्यांची आकृती पाहत असे. मिस्त्री लोक गाडी अशीच तपासतात, अशी माझी समजूत होती. मैत्रिणींना मी ते मोठ्या ऐटीत सांगितलेही होते.

ग्रंथालयातल्या पुस्तकात आठवा नियम मी वाचला आणि टिपण घेऊन सरांकडे गेले. मला वाटले, मोठा अन्याय शोधून काढला! सरांनी टिपण वाचले आणि म्हणाले, "आवृत्ती कधीची आहे ते पाहिलंस का?" आवृत्ती फार जुनी होती. सरांनी स्वतःच्या फोनवर शोधून दाखवले: आठवीची ती अट केंद्र सरकारने २०१९ साली काढून टाकली होती.

२०१९! आणि आम्ही बोलत होतो २०२४ साली. पाच वर्षे ती अट अस्तित्वातच नव्हती आणि आमच्या घरात ती ठाण मांडून बसली होती. पाच हंगाम अण्णा पायरीवर लोंबकळत होते. मी त्या दिवशी शेवटचा तास चुकवून घरी गेले (सरांनी हे वाचले तर क्षमा करावी). अण्णा अंगणात डायनमो खोलून बसले होते. मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, ब्रशची स्प्रिंग बोटात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कुणी सांगितलं न्हाई." मला त्या एका वाक्याचा राग कुणावर काढावा ते कळेना. अट काढणाऱ्यांनी ती राजपत्रात छापली होती. अण्णा राजपत्र वाचत नाहीत. आणि मी? मी तेव्हा आठवीत होते, वर्तमानपत्राचे शब्दकोडे सोडवीत होते.

"आता काय करायचंय?" अण्णा म्हणाले. "पंचेचाळीस सरलं."

आई आतून म्हणाली, "बोरमाळ गेली ती गेली. तुमी कागद काडा."

कागद काढायलाही वर्ष गेले, कारण कायद्याने आधी हलक्या मोटारीचा परवाना हातात येऊन एक वर्ष झाले पाहिजे, त्याशिवाय माल वाहतुकीचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. अर्ज मी भरले. 'शिक्षण' या रकान्यात 'सहावी' असे लिहिताना माझा हात एकदा थबकला आणि अण्णांनी ते पाहिले. मग डॉक्टरचा दाखला झाला, मग वाहन शिकवणाऱ्या शाळेचे प्रमाणपत्र. शाळेत महिनाभर जावे लागले. तिथल्या अभ्यासक्रमात वाहनाची यंत्ररचना आणि दुरुस्ती असाही एक भाग असतो. विशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसून अण्णांनी फॅनबेल्ट कशाला म्हणतात ते ऐकले. शिकवणारा मुलगा त्यांच्याच ओळखीचा निघाला. अण्णा सांगतात, तो फळ्याकडे तोंड करून बोलत होता, मागे वळायलाच तयार नव्हता!

गेल्या डिसेंबरात चाचणी झाली. मी कुंपणाबाहेर उभी होते. मोटार वाहन निरीक्षक शेजारी बसले. अण्णांनी गाडी सुरू केली आणि गिअर टाकण्याआधी सवयीने मान तिरपी करून कान दिला. "टॅपेट वाजाय लागल्यात साहेब," ते म्हणाले. निरीक्षक म्हणाले, "गाडी चालवा, तपासू नका." अण्णांनी चालवली, उभी केली, मागे घेतली. परवाना टपालाने घरी आला. आईने तो देवापुढे ठेवला. संध्याकाळी अण्णांनी तो उचलून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि मोटारसायकलच्या डाव्या पिशवीत, पान्यांच्या तळाशी घातला. पाकिटात ठेवा म्हटले तर म्हणाले, "पाकीट घरी ऱ्हातं. पिशवी ऱ्हात न्हाई."

त्याच आठवड्यात, नाताळच्या सुट्टीत, रात्री फोन आला. कारखान्याच्या अलीकडे ट्रक उभा होता, काम पुन्हा क्लचचेच. मी बॅटरी धरली. दोन तास गेले. सगळे आवळून झाल्यावर ड्रायव्हर नेहमीप्रमाणे आपल्या जागेवर चढू लागला. अण्णा चिंधीला हात पुसत होते. "उतर," ते म्हणाले. "मी बगतो."

ड्रायव्हर उतरला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. ट्रक हलला, पुलापर्यंत गेला, वळला आणि परत येऊन आमच्यापुढे थांबला. अण्णा खाली उतरले.

"प्येडल जरा हार्ड हाय," ते म्हणाले. "चौदाचा पाना दे. आन उजेड हिकडं धर."